फर्स्ट एसीचे जादा पैसे वसूल होतात का? एका साध्या प्रश्नाचं संशोधन

डिसेंबर जवळ आला की परिषदांचा मोसम सुरू होतो आणि पीएचडीच्या तयारीत असलेल्यांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो: "रात्रभराचा प्रवास आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टर आहे, फर्स्ट एसी करू का?" रावेत, आकुर्डी, निगडी या पट्ट्यात राहणाऱ्यांचा लांबचा प्रवास म्हणजे बहुतेक वेळा आधी लोकलने पुणे स्टेशन आणि तिथून पुढची गाडी. दिल्लीला दुरांतो किंवा झेलम, कोलकात्याला आझाद हिंद, बंगळुरूला उद्यान. एक रात्र तरी गाडीत जातेच, आझाद हिंदमध्ये तर जवळपास दीड दिवस.

ग्रुपवर उत्तरं दोन प्रकारची येतात. एक, "एकदा करून बघच, पैसे वसूल." दुसरं, "पैसे उडवायचे धंदे." दोन्ही मतं आहेत, उत्तर एकही नाही. या लेखात आपण हाच प्रश्न संशोधनाचा प्रश्न म्हणून हातात घेऊ. पेटच्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या भागात चल, तुलनागट, सिलेक्शन बायस वगैरे शब्द पाठ करून जड होतात. रेल्वेच्या तिकिटावर ते चटकन कळतात. आणि शेवटी माझं उत्तरही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, नुसतंच फिरवलं.

पहिली पायरी: 'वसूल' म्हणजे नक्की काय?

'फर्स्ट एसी वसूल आहे का' हा प्रश्न जसा आहे तसा मोजता येत नाही. आधी ठरवायला हवं, पैशाच्या बदल्यात आपण काय मोजणार. समजा आपण म्हटलं, जागा मोजू. एलएचबी डब्यांचा सांगाडा साधारण सारखाच लांब-रुंद असतो. त्यात स्लीपरला ८०, थर्ड एसीला ७२, सेकंड एसीला ५२ आणि फर्स्ट एसीला २४ बर्थ बसवतात. म्हणजे स्लीपरवरून थर्ड एसीत गेलात तर माणशी जागा १.१ पट होते, थर्डवरून सेकंडला १.४ पट, आणि सेकंडवरून फर्स्टला तब्बल २.२ पट.

आता भाडं बघा. साध्या मेल-एक्स्प्रेसने दीड हजार किलोमीटरच्या आसपास जायचं असेल तर, ठोकळमानाने, स्लीपरचं भाडं १ धरलं तर थर्ड एसी २.६, सेकंड एसी ३.७ आणि फर्स्ट एसी ६.३ पडतं. म्हणजे थर्डवरून सेकंडला जाताना जागा आणि भाडं दोन्ही साधारण १.४ पट वाढतात. सेकंडवरून फर्स्टला जाताना भाडं १.७ पट, पण जागा २.२ पट! जागेच्या हिशेबाने फर्स्ट एसी चक्क स्वस्त पडतो. उलट स्लीपरवरून थर्डला जाताना जागा जेमतेम वाढते आणि भाडं अडीच पटीच्या वर जातं.

मग फर्स्ट एसी घ्यावा का? थांबा. जागा हे माप आपण का निवडलं? ते मोजायला सोपं होतं म्हणून. झोपलेल्या माणसाला एका बर्थपेक्षा जास्त जागा कशाला लागते? माप बदला, उत्तर बदलतं. माप 'घाम न येता झोप' असेल तर मे महिन्यात सगळ्यात मोठी उडी स्लीपर ते थर्ड एसी हीच आहे, कारण एसी तिथेच सुरू होतो. थर्ड ते सेकंड म्हणजे मधला बर्थ गेला आणि पडदा आला. सेकंड ते फर्स्ट म्हणजे साइडचे बर्थ गेले आणि आतून लावता येणारं दार आलं. शेवटच्या पायरीचे पैसे आपण मुख्यतः दारासाठी देतो.

लिहून ठेवा: 'क' चांगलं की 'ख', हा संशोधनाचा प्रश्न होत नाही. 'कोणत्या मापाने, आणि तेच माप का', हे सांगितल्यावर तो होतो.

दुसरी पायरी: तुलना कोणाशी?

वरचा हिशेब कागदावरच्या वर्गांचा झाला. पण आपण निवड करतो ती प्रत्यक्षात मिळणाऱ्या तिकिटांतून. इथे तीन गोष्टी हिशेब उलटापालटा करतात.

पहिली, आरएसी. स्लीपर, थर्ड आणि सेकंड एसीत आरएसी असतं, फर्स्ट एसीत नसतं. दिवाळीत आरएसीचं तिकीट शेवटपर्यंत कन्फर्म झालं नाही तर भाडं पूर्ण आणि साइड लोअर दोघांत अर्धा. तेव्हा खरी तुलना 'थर्ड एसीचा बर्थ विरुद्ध फर्स्ट एसीचा बर्थ' अशी उरत नाही. ती 'थर्ड एसीत रात्रभर बसून विरुद्ध फर्स्ट एसीत आडवं' अशी होते.

दुसरी, फ्लेक्सी भाडं. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांत हे आलं. दर १० टक्के बर्थ भरले की मूळ भाडं १० टक्क्यांनी वर चढतं. वरची मर्यादा नंतर १.४ पट अशी ठरली. पण फर्स्ट एसीला हा नियम लागू नाही. त्यामुळे अशा गाडीचं सेकंड एसी उशिरा काढलंत तर फर्स्टबरोबरचा फरक १.७ पटीवरून १.२ पटीच्या आसपास येतो. तेच दार, पण त्याची किंमत तुम्ही कोणत्या तारखेला तिकीट काढता त्यावर ठरते.

तिसरी गोष्ट खास आपल्यासाठी. संशोधनाच्या कामासाठी प्रवास करणाऱ्या ३५ वर्षांपर्यंतच्या संशोधक विद्यार्थ्यांना सेकंड क्लास आणि स्लीपरच्या भाड्यात ५० टक्के सवलत आहे. मार्च २०२० मध्ये रेल्वेने बऱ्याच सवलती थांबवल्या, विद्यार्थ्यांच्या मात्र चालू ठेवल्या. ठरलेल्या नमुन्यात संस्थाप्रमुखांचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि तिकीट खिडकीवर काढायचं. एसीला ही सवलत नाही. म्हणजे बाकीच्यांसाठी फर्स्ट एसी स्लीपरच्या सहा पट महाग असेल, तर सवलत घेणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यासाठी तो बारा पट महाग आहे. डबा तोच, गाडी तीच, पण तुमच्यासाठी प्रश्न वेगळा.

यालाच तुलनागट ठरवणं म्हणतात. 'हे केलं नसतं तर काय केलं असतं?' याचं उत्तर आधी लिहा. ते न लिहिता काढलेला कोणताही फरक हवेत तरंगतो.

तिसरी पायरी: फरक मुळात आला कुठून?

वर्गांमधला फरक निसर्गाने दिलेला नाही, कोणीतरी ठरवलेला आहे. जूल ड्युपुई या फ्रेंच इंजिनिअरने १८४९ मध्येच हे हेरलं होतं. त्या काळी तिथल्या थर्ड क्लासच्या डब्यांना छप्पर नसे. ड्युपुईचं म्हणणं असं, की छप्पर घालायला फार पैसे लागत नाहीत. ते घालत नाहीत कारण ज्यांना सेकंड क्लास परवडतो त्यांनी थर्डकडे वळू नये. गरिबाला त्रास देणं हा हेतू नाही, पैसेवाल्याला घाबरवणं हा आहे. आज अर्थशास्त्रात याला किंमत-भेद म्हणतात. सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत मुद्दाम काही सोयी बंद ठेवतात, त्यामागेही हाच विचार आहे.

आपल्याकडे १९१७ मध्ये गांधीजींनी मुंबई ते मद्रास थर्ड क्लासने प्रवास करून त्यावर लिहिलं. त्यांचा मुद्दा अगदी मोजमापाचा होता: फर्स्टचं भाडं थर्डच्या पाच पटींहून जास्त आहे, पण थर्डच्या प्रवाशाला फर्स्टच्या एक पंचमांश, निदान एक दशांश तरी सोय मिळते का? म्हणजे वरच्या वर्गाचे पैसे वसूल होतात का, एवढंच विचारून भागत नाही. खालच्या वर्गाचे होतात का, हाही तितकाच खरा प्रश्न आहे.

१९७४ मध्ये थर्ड क्लास हे नाव गेलं आणि त्याचा सेकंड क्लास झाला. फळ्या मात्र लाकडाच्याच राहिल्या. त्या बदलल्या मधू दंडवते यांनी. अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे, राजापूरचे खासदार. १९७७ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले आणि सेकंड क्लासच्या स्लीपर बर्थवर दोन इंचांचा फोम आला. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, तीही फक्त सेकंड क्लासची, वर्गभेद नसलेली गाडी म्हणून. त्यांची भूमिका अशी होती, की फर्स्ट क्लास खाली ओढायचा नाही, सेकंड क्लास वर उचलायचा.

संशोधकाच्या नजरेने बघा. त्या दोन इंचांनी फर्स्ट क्लासच्या डब्यात काहीही बदललं नाही, तरी फर्स्ट क्लासच्या जादा पैशांची किंमत घटली. वरच्या वर्गाचा फायदा हा नेहमी खालच्या वर्गाच्या संदर्भात असतो. म्हणून दुसऱ्या देशातला किंवा तीस वर्षांपूर्वीचा निष्कर्ष उचलून आजच्या गाडीला लावता येत नाही.

बरं, आज रेल्वे फर्स्ट एसीवर गडगंज कमावते का? वरचेच आकडे वापरा. डबा पूर्ण भरला असं धरून बर्थ गुणिले भाडं करा. स्लीपरचे ८०, थर्ड एसीचे १८७, सेकंड एसीचे १९२, फर्स्ट एसीचे १५१. म्हणजे पूर्ण भरलेला फर्स्ट एसी थर्ड एसीपेक्षा कमी आणतो. 'महाग म्हणजे फायद्याचा' हा अंदाज साध्या गुणाकारात पडतो. अंदाज आधी पाटीवर तपासा, मग त्यावर सिद्धांत बांधा.

चौथी पायरी: विचारायचं कोणाला?

सगळ्यात सोपी पद्धत कोणती? फर्स्ट एसीच्या प्रवाशांना फॉर्म द्यायचा: 'पैसे वसूल झाले का?' ही पद्धत सोपी आहे आणि चुकीची आहे. कारणं तीन.

एक, ज्यांना दार हवंच होतं तेच तिथे आले आहेत. ज्यांना नको होतं ते थर्ड एसीत झोपले आहेत, त्यांच्या हातात तुमचा फॉर्म पोचलाच नाही. हा सिलेक्शन बायस. दोन, फर्स्ट एसीत अनेकांनी स्वतःचे पैसे भरलेलेच नसतात. कोणी पासवर असतं, कोणाचं तिकीट कार्यालय काढतं. फुकट आलेल्याला 'वसूल झालं का' विचारून काय कळणार? त्यामुळे 'डबा भरलेला असतो, म्हणजे लोकांना परवडतो' हा तर्कही लंगडा. तीन, पैसे खर्च केल्यावर माणूस आपल्या निवडीची बाजू घेतो.

त्याऐवजी लोक काय म्हणतात हे न विचारता काय निवडतात हे बघावं, असा एक मार्ग आहे. डॅनियल मॅकफॅडन यांनी निवडीची गणिती प्रारूपं अशीच बांधली. सॅन फ्रान्सिस्को भागात बार्ट ही नवी रेल्वे येणार होती. तेव्हा लोक कामावर जाण्यासाठी आधीच कोणतं वाहन निवडतात यावरून त्यांच्या गटाने अंदाज काढला, की ६.३ टक्के लोक तिने जातील. अधिकृत अंदाज होता १५ टक्के. प्रत्यक्षात निघाले ६.२. याच धाटणीच्या कामासाठी त्यांना २००० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि आपल्या रेल्वेत तर एक आयता प्रयोग चालूच आहे. तिकीट काढताना 'ऑटो अपग्रेडेशन'च्या चौकटीत टिक करता ना? वरच्या वर्गात बर्थ रिकामे राहिले तर चार्ट बनताना संगणक पूर्ण भाडं भरलेल्या काही जणांना जादा पैसे न घेता वर सरकवतो. २००६ पासून ही योजना आहे. फर्स्ट एसीत जायचं असेल तर मूळ तिकीट सेकंड एसीचं हवं. इथे कोण वर जाणार हे प्रवाशाची हौस किंवा ऐपत ठरवत नाही. म्हणून एकाच गाडीत टिक केलेल्या, पण अपग्रेड झालेल्या आणि न झालेल्या प्रवाशांची तुलना फॉर्मपेक्षा कितीतरी चांगली. याला नॅचरल एक्सपेरिमेंट म्हणतात, म्हणजे संशोधकाने न रचता आपोआप घडलेला प्रयोग.

त्याच्या मर्यादाही लगेच लिहून ठेवा. सवलतीच्या तिकिटांना अपग्रेड नाही, म्हणजे सवलत घेतलेले संशोधक विद्यार्थी या नमुन्यातच नाहीत. शिवाय अपग्रेड तेव्हाच होतं जेव्हा वरचा डबा रिकामा असतो, त्यामुळे ऐन गर्दीच्या दिवसांबद्दल यातून काही कळत नाही. आणि फुकट मिळालेल्या दाराचा उपयोग किती हे कळेल, पण त्यासाठी कोण किती पैसे देईल हे कळणार नाही.

पाचवी पायरी: मोजायचं काय आणि कधी?

आपला खरा प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या पोस्टरचा आहे. म्हणजे माप हवं ते सकाळच्या डोक्याचं. झोपेच्या अभ्यासात यासाठी पीव्हीटी नावाची चाचणी वापरतात. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं, साधारण दहा मिनिटं. प्रतिसादाला किती वेळ लागला आणि किती वेळा लक्ष सुटलं, हे बघायचं. झोप कमी झालेल्या माणसाचं लक्ष सुटतं, मग तो तोंडाने "मी एकदम फ्रेश" म्हणत असला तरी.

इथे आणखी एक गोष्ट आडवी येते. अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप हलकी लागते, हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं, की अशा रात्री गाढ झोपेत मेंदूची एक बाजू दुसरीपेक्षा जागी राहते, जणू पहाऱ्यावर. फर्स्ट एसीचं केबिनही अनोळखीच आहे. दार लागलं म्हणून हा परिणाम पूर्ण जाईल असं धरता येत नाही.

विचारायची वेळही महत्त्वाची. १९९६ मध्ये रेडलमायर आणि काहनेमन यांनी कोलोनोस्कोपीच्या रुग्णांचा अभ्यास केला. त्रास एकूण किती वेळ चालला याचा आठवणीवर फारसा परिणाम नव्हता. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, यांनी आठवण बनली. प्रवासाचंही तसंच घडण्याची शक्यता आहे. गाडी शेवटच्या सिग्नलला तासभर उभी राहिली तर रात्रीची चांगली झोप विसरली जाईल. आणि गाडीचा उशीर सगळ्या वर्गांना सारखाच असतो, तो फर्स्ट एसीचं तिकीट काढून टळत नाही.

एक इशारा सरासरीबद्दल. दार सगळ्यांना सारखं उपयोगी नाही. तान्हं बाळ घेऊन निघालेल्या आईला, ऑपरेशन झालेल्या आजोबांना ते मोलाचं. एकट्या मुलीला मात्र चार बर्थच्या केबिनमध्ये तीन अनोळखी माणसांबरोबर बंद दाराआड राहण्यापेक्षा थर्ड एसीचा उघडा, वर्दळीचा डबा जास्त सुरक्षित वाटू शकतो. त्यात फर्स्ट एसीत दोघांचा कूपे मिळेल की चौघांचं केबिन, हे चार्ट लागल्यावरच कळतं. एका गटाला फायदा, दुसऱ्याला तोटा, आणि सरासरी काढली की 'काही परिणाम नाही'. असे निष्कर्ष तुम्ही शोधनिबंधांत पुष्कळ वाचाल, तेव्हा गट वेगळे करून पाहिलेत का, हे विचारा.

आता माझं उत्तर

हिशेबापुरतं स्लीपरचं भाडं ७०० रुपये धरू. मग थर्ड एसी १८२०, सेकंड २५९०, फर्स्ट ४४१०. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० रुपये आहे. महिन्याला २२ दिवस, रोज ८ तास धरले तर तासाला २१० रुपये. स्लीपरवरून थर्डला जायचे जादा पैसे भरून यायला साधारण साडेपाच तासांचं चांगलं काम लागतं, सवलतीचं स्लीपर सोडलंत तर सात तासांचं. थर्डवरून सेकंडला पावणेचार तास. सेकंडवरून फर्स्टला मात्र जवळपास नऊ तास, म्हणजे एका दाराने तुम्हाला पूर्ण दिवसाहून जास्त काम मिळवून द्यायला हवं. फेलोशिप नसेल तर हे तास आणखी वाढतात.

पण शेवटचा निकष तासांचा नाही. तो असा: हेच पैसे दुसरीकडे काय आणतात? थर्ड आणि फर्स्टमधला फरक या हिशेबात २५९० रुपये आहे. तेवढ्यात बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी पोचून संस्थेच्या गेस्ट हाउसमध्ये एक रात्र आणि जेवण होतं. गाडी चार तास उशिरा आली तरी पोस्टर चुकत नाही, आंघोळ होते, आदल्या संध्याकाळी चार माणसं भेटतात. फर्स्ट एसी यातलं काहीच देत नाही, कारण तो वेळेवर पोचवण्याची हमी विकत नाही.

म्हणून एकट्याने, स्वतःच्या पैशाने परिषदेला निघालेल्या संशोधक विद्यार्थ्याने शेवटच्या पायरीचे पैसे वर्गावर घालू नयेत, एका जादा दिवसावर घालावेत. उन्हाळा नसेल आणि स्लीपरमध्ये झोप लागत असेल तर सवलतीचं स्लीपर उत्तम. उन्हाळ्यात, किंवा उतरल्यावर लगेच काम असेल, तर थर्ड एसी. फ्लेक्सी चढून सेकंड आणि फर्स्ट जवळ आले असतील, किंवा बरोबर आजारी, वयस्कर माणूस असेल, तर फर्स्ट एसीचा विचार जरूर करा. पैसे संस्था देणार असेल तर तिच्या नियमात कोणता वर्ग बसतो हे तिकीट काढण्यापूर्वी लेखी विचारा.

हे उत्तर कशाने खोटं ठरेल, तेही सांगते. अपग्रेड झालेल्यांचं सकाळचं लक्ष न झालेल्यांपेक्षा इतकं चांगलं निघालं की एक जादा दिवस आधी पोचून मिळणारा फायदा त्यापुढे फिका पडला, तर माझं म्हणणं मागे घ्यावं लागेल. तुमच्या संशोधन प्रस्तावातही असं एक वाक्य असायला हवं. मुलाखतीला तेच विचारतात.

सरावासाठी एक काम. तुमच्या पुढच्या प्रवासाचं तिकीट काढण्याआधी चार ओळी लिहा: मी काय मोजणार, कशाशी तुलना करणार, कोणाला विचारणं चुकीचं ठरेल, आणि काय दिसलं तर मत बदलेन. चौथ्या ओळीशी अडलात तर तुमच्याकडे अजून प्रश्न तयार नाही, फक्त मत आहे.